करवंटीचा हिशेब

इतिहास म्हटला म्हणजे आपल्यापुढे गड येतात, तह येतात, आणि कोणी कोणाला कोठे गाठले याच्या तिथी येतात. पाण्याचा इतिहास लिहावयास बसले तरी लेखणी आपोआप धरणांकडे, कालव्यांकडे, नाहीतर पेशवाईत कात्रजहून पुण्यात आणलेल्या नळाकडे वळते. त्यात गैर काही नाही. मोठ्या कामांची नोंद व्हावयाचीच. पण खोबरे काढून घेतल्यावर मागे राहते ती करवंटी, आंबा चोखून झाल्यावर परसात भिरकावतो ती कोय, यांनाही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तो आहे, आणि गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत तो माणसाच्या श्वासाशी आणि पाण्याशी चांगलाच गुंतला आहे.

मी रसायनशास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिकपाशी शिक्षण थांबलेला शाळामास्तर आहे, आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. कादंबरी लिहिणाराला एक खोड असते. अमुक माणूस घरातून नाहीसा झाला असे कोणी म्हणाले, की तो लगेच विचारतो, 'गेला कोठे?' फळांच्या टाकाऊ भागांचा कोळसा करून त्याने पाण्यातील शिसे, कॅडमियम, क्रोमियम असे जड धातू काढता येतात, हे अलीकडे वारंवार वाचावयास मिळते. संत्र्याची साल, केळ्याची साल, फणसाची साल, आंब्याची कोय, खजुराच्या बिया, एकेकीवर निबंध झाले आहेत. निबंधाच्या शेवटी 'इतके टक्के धातू निघाला' असा आकडा असतो. तो वाचून आनंद होतो आणि मागोमाग ती खोड जागी होते. निघाला, तो गेला कोठे? प्रस्तुत लेख म्हणजे या एका प्रश्नाच्या मागे लागून केलेली पायपीट आहे.

पाणी शुद्ध करणे म्हणजे ते नितळ करणे, ही आपली समजूत फार जुनी. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी स्वच्छ करण्याचे सात उपाय सांगितले आहेत. त्यांत कतक, म्हणजे आपली निवळीची बी, आहे. शेवाळाचे मूळ आहे, वस्त्र आहे, मोतीही आहे. निवळी उगाळून पाण्यात सोडली की मातीचे बारीक कण एकमेकांना धरतात आणि जड होऊन तळाशी बसतात. तुरटी फिरवल्यावर हेच घडते. या उपायांची थट्टा करण्याचे कारण नाही. गाळ हा त्या काळचा डोळ्यांना दिसणारा शत्रू होता आणि त्याच्याशी माणसाने शहाणपणाने सामना केला.

परंतु विरघळलेला धातू हा गाळ नव्हे. साखर पाण्यात विरघळली की जशी दिसेनाशी होते तसे शिशाचे क्षार दिसेनासे होतात. पाणी काचेसारखे राहते, वास येत नाही, जिभेला कळत नाही. कापडातून गाळले तरी ते पार जाते. उकळले तर उलटेच होते: पाण्याची वाफ होते, धातू मागे राहतो, आणि उरलेले पाणी अधिक विषारी होते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाने लिटरमागे शिशाला ०.०१, कॅडमियमला ०.००३ आणि पाऱ्याला ०.००१ मिलिग्रॅम एवढीच मुभा दिली आहे. वाचकांनी हा हिशेब करून पाहावा. एक ग्रॅम शिसे विरघळले, तर एक लाख लिटर पाणी त्या मर्यादेवर येऊन उभे राहते. दहा हजार लिटरचे दहा टँकर, आणि विष चिमूटभर.

हे अगदीच कोणाला ठाऊक नव्हते असेही नाही. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन स्थापत्यकाराने लिहून ठेवले, की शिशाच्या नळातल्या पाण्यापेक्षा भाजलेल्या मातीच्या नळातले पाणी चांगले. पुरावा म्हणून त्याने शिसे ओतणाऱ्या कारागिरांच्या फिकट पडलेल्या चेहऱ्यांकडे बोट दाखवले. मजुराचा चेहरा पाहून पाण्याची परीक्षा करणारा हा माणूस मला मोठा वाटतो. रोमने त्याचे ऐकले नाही. शिशाचे नळ पुरत राहिले.

आता कोळशाकडे वळू. १७८५ साली सेंट पीटर्सबर्ग येथील राजदरबारच्या औषधशाळेत टोबियास लोविट्झ नावाचा औषधी-रसायनज्ञ टार्टारिक आम्लाचे स्फटिक करण्याच्या खटपटीत होता. आटवताना आम्ल तपकिरी होई. कोळशाची पूड घातल्यावर तो रंग जातो असे त्याच्या ध्यानात आले. मग त्याने मध, दारू, नाना प्रकारचे अर्क कोळशातून काढून पाहिले, आणि लांबच्या प्रवासात गलबतावर कुजणारे पाणी कोळशाने पिण्याजोगे होते हेही दाखवले. कोळसा जळतो एवढेच तोवर जगाला प्रामुख्याने ठाऊक होते. तो धरूनही ठेवतो, याचा पद्धतशीर विचार येथून सुरू झाला.

या विद्येचा पहिला मोठा धंदा मात्र लाकडी कोळशाने केला नाही, हाडांच्या कोळशाने केला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये असे दिसून आले, की हाडे बंद भांड्यात जाळून केलेला कोळसा रंग शोषण्यात लाकडी कोळशाच्या कितीतरी पुढे आहे. लवकरच युरोपातल्या साखरेच्या कारखान्यांनी तो उचलला. काळपट रस त्यातून उतरला की पांढरी शुभ्र साखर निघे. या पांढऱ्या साखरेची आपल्याकडे काय गत झाली हे जुन्या पिढीला सांगावयास नको. १९०५ च्या स्वदेशी चळवळीत विलायती साखरेवर जो बहिष्कार पडला त्याच्या पाठीमागे 'ही साखर हाडांनी धुतलेली' हा आक्षेप होता. बहिष्कार राजकीय होता आणि आक्षेप धार्मिक. पण त्यातल्या रसायनशास्त्रात चूक नव्हती. कोणती वस्तू कशाने शुद्ध केली आहे हे विचारण्याचा हक्क सामान्य गिऱ्हाइकाने तेथे बजावला, हे मला त्यातले विशेष वाटते.

हाडे जाऊन करवंट्या आल्या त्या दोन पायऱ्यांनी. पहिली पायरी प्रयोगशाळेतली. १९०० च्या सुमारास राफाएल फॉन ऑस्ट्रेको या रसायनज्ञाने दोन कृतींची पेटंटे घेतली. एका कृतीत तयार कोळसा लालभडक तापवून त्यावरून वाफ किंवा कार्बन डायऑक्साइड सोडावयाचा. दुसऱ्या कृतीत कच्चा मालच धातूंच्या क्लोराइडांत मुरवून मग भाजावयाचा. दोहोंचा परिणाम एकच: कोळशाच्या अंगात असंख्य बारीक बिळे पडतात. अशा कोळशाला ॲक्टिव्हेटेड कार्बन किंवा सक्रिय कोळसा म्हणतात. त्याच्या एका ग्रॅममधल्या साऱ्या बिळांच्या भिंती उलगडून पसरल्या, तर सुमारे हजार चौरस मीटर जागा भरते. आपल्या भाषेत सांगावयाचे तर दहा गुंठे. चिमटीत मावणाऱ्या कोळशात दहा गुंठे जमीन! या भिंतींवर परके रेणू येऊन चिकटतात. स्पंजात पाणी मुरते तसे ते मुरत नाहीत; गोठ्याच्या भिंतीवर शेणी थापाव्या तसे वर बसतात. म्हणून या क्रियेला शोषण न म्हणता अधिशोषण म्हणतात.

दुसरी पायरी युद्धभूमीवरची. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र शहराजवळ जर्मनांनी क्लोरिन वायू सोडला. चारच दिवसांनी, २६ एप्रिलला, तेथे हिंदी फौजेची लाहोर डिव्हिजन चढाईस उतरली आणि तिलाही हा वायू भोगावा लागला. जमादार मीर दस्त यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो त्याच दिवसाच्या पराक्रमाबद्दल. त्यांच्या शरीरावर वायूचा परिणाम झाला होता. त्या घटकेला सैनिकाच्या हाती नाकावर धरण्याच्या ओल्या फडक्यापलीकडे फारसे काही नव्हते. त्याच वर्षी रशियात निकोलाय झेलिन्स्की यांनी सक्रिय कोळशाचा मुखवटा तयार केला, आणि लवकरच सगळी सैन्ये कोळशाच्या शोधात निघाली.

शोध घेता घेता असे आढळले, की लाकडाचा कोळसा मऊ. तो भुगा होतो आणि त्याची बिळे मोठी. वायू धरावयास बिळे सूक्ष्म हवीत आणि दाणा टणक हवा. निसर्गाने असा टणकपणा कोठे ठेवला आहे? बी सांभाळणाऱ्या कवचात. करवंटी, पीचची कोय, जर्दाळूची कोय, अक्रोडाचे कवच. झाडाने आपल्या लेकरासाठी बांधलेला हा किल्ला माणसाने आपल्या नाकासमोर लावला.

१९१८ साली अमेरिकेत शाळकरी मुलांनी, बालवीरांनी आणि रेडक्रॉसच्या स्वयंसेविकांनी दारोदार फिरून फळांच्या कोयी गोळा केल्या. दुकानांपुढे पिंपे ठेवली होती. दोनशे पीचच्या कोयी म्हणजे एका सैनिकाचा मुखवटा, असे त्यांना सांगण्यात येई. करवंट्या कमी पडू लागल्या तेव्हा 'नारळ अधिक खा' अशी मोहीम निघाली, आणि लोकांनी देशकार्य म्हणून नारळ खाल्ले! ऑक्टोबर १९१८ मध्ये आयात धरून दिवसाला सुमारे दीडशे टन करवंट्या कारखान्यात येत होत्या. पुढच्याच महिन्यात युद्ध थांबले. राष्ट्राराष्ट्रांच्या इतिहासात उकिरड्याला एवढा मान क्वचितच मिळाला असेल.

युद्धातले कसब मग पाण्याकडे वळले. १९३० च्या सुमारास अमेरिकेतल्या शहरांच्या पाणीपुरवठ्यात सक्रिय कोळशाची पूड पडू लागली. शेवाळाचा दर्प, कारखान्यांच्या सांडपाण्याची कडवट चव, क्लोरिनचा वास, हे सगळे कोळशाने पकडले. लोकांना वाटले, आता पाण्यातले काहीही या काळ्या भुतापुढे टिकणार नाही.

येथेच इतिहासाला खरी गाठ बसते. ती मला पुस्तकात भेटण्याआधी वर्गात भेटली. सातवीच्या मुलांना मी करवंटीच्या कोळशाचा साधा प्रयोग दाखवत होतो. कोळसा आमच्याकडे सोनाराकडून मिळतो. शाईच्या पाण्यात कुटलेला कोळसा ढवळला, गाळला, आणि पाणी बरेचसे पांढरे उतरले. मुले खूश झाली. पाठच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याच्या घरी पोफळीची बाग आहे, उठून म्हणाला, "गुरुजी, मोरचुदाचं पाणी घालून बघूया?" घातले. गाळलेले पाणी निळेच्या निळे खाली उतरले. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. शाई अडली आणि तांबे पार झाले. "मग ह्याने विष कसं अडणार?" मुलाने विचारले. एवढा नेमका प्रश्न मला मोठमोठ्या लेखांत आढळला नाही.

त्याचे उत्तर असे. शाईचा रंग, वास, कित्येक औषधे ही सेंद्रिय द्रव्ये. कोळशाच्या भिंतीशी त्यांचे गोत जुळते. पाण्यात विरघळलेला धातू हा विजेचा भार असलेला सूक्ष्म कण असतो आणि पाण्याचे रेणू त्याच्याभोवती कोंडाळे करून असतात. साध्या कोळशाच्या भिंतीचे त्याला आकर्षण नसते. म्हणूनच विषबाधा झालेल्या रोग्याला डॉक्टर अनेक विषांवर कोळसा पाजतात, पण लोह, शिसे, लिथियम अशा धातूंच्या बाधेत त्याच्यावर भिस्त ठेवत नाहीत. धातू अडवावयाचा तर भिंतीला आकडे बसवावे लागतात. हे आकडे म्हणजे प्राणवायू असलेले रेणूंचे गट. साली, कोयी, करवंट्या फॉस्फोरिक आम्लात मुरवून चारशे-पाचशे अंशांवर भाजल्या, किंवा तयार कोळशावर नायट्रिक आम्लाचा प्रयोग केला, म्हणजे असे आकडे भिंतीवर उमटतात, आणि शिसे, तांबे, कॅडमियम त्यांत अडकतात. फळांच्या कचऱ्याचे अलीकडचे बरेचसे संशोधन या आकड्यांभोवती फिरते. ते खरे आहे, उपयोगाचे आहे, आणि आपल्या देशातल्या अनेक महाविद्यालयांतून थोड्या पैशांत चिकाटीने झालेले आहे.

तथापि त्यातले बारकावे समजून घेतले पाहिजेत. पाणी आंबट असेल तर आम्लाचे कण आधीच येऊन आकड्यांवर बसतात आणि धातूला जागा उरत नाही. पाणी फार खारवट अल्कधर्मी असेल, तर धातू आपण होऊन साक्याच्या रूपाने खाली पडतो आणि श्रेय मात्र कोळशाला मिळते. प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्यात एकटे शिसे असते. आपल्या विहिरीत त्याच्या कित्येक पट चुना असतो आणि तोही जागा मागतो. क्रोमियमची तऱ्हा आणखी वेगळी. त्याचे विषारी रूप आंबट पाण्यातच कोळशाला नीट सापडते, आणि कोळसा त्याला धरता धरता त्याचे कमी विषारी रूपात परिवर्तनही करतो. आर्सेनिकला साधा कोळसा पुरत नाही. त्याच्या अंगावर लोहाचा लेप द्यावा लागतो. आणि ऑस्ट्रेकोच्या दुसऱ्या कृतीतली गंमत पाहा: कोळसा सक्रिय करण्यासाठी झिंक क्लोराइड वापरले, तर मागे राहिलेले जस्त धुऊन काढावे लागते. जड धातू अडवणारी वस्तू घडवताना आणखी एक जड धातू पाण्यात सोडावयाचा!

सर्वांत कठीण गोष्ट पुढेच आहे. दहा गुंठे झाले तरी ती जमीन संपते. आकडे भरले की धातू सरळ पार होऊ लागतो, आणि कोणाला पत्ताही लागत नाही. वासासाठी ठेवलेला कोळसा संपला तर नाक ओरडते. शिशासाठी ठेवलेला संपला तर पाणी काल होते तसेच नितळ दिसते. अमेरिकेतल्या फ्लिंट शहराने एप्रिल २०१४ मध्ये पाण्याचा उगम बदलला आणि नळ गंजू नयेत म्हणून करावयाचा उपचार केला नाही. जुन्या नळांतले शिसे घरोघर उतरले. ऑक्टोबर २०१५ पासून तेथे नळाला लावावयाच्या गाळण्या वाटण्यात आल्या. त्यांत सक्रिय कोळसा होता आणि शिसे धरणारी खास द्रव्येही होती. २०१६ च्या सरकारी तपासण्यांत त्या कामाला उतरल्या. मात्र आतले नळकांडे मुदतीत बदला, हे लोकांना पुनःपुन्हा सांगावे लागले. बदललेले नळकांडे कोठे जाणार होते? जेथे घरातला बाकीचा कचरा जातो तेथेच.

आता याच्या शेजारी एक दुसरी हकीकत ठेवतो. सोने हाही जड धातूच. खाणीतल्या दगडाची पूड सायनाइडच्या पाण्यात ढवळली की सोने विरघळते. ते पाण्यातून कोळशाने पकडण्याचे पेटंट ऑस्ट्रेलियात १८९४ सालीच घेतले गेले होते. पण पकडलेले सोने सोडवणार कसे? कोळसा जाळावा लागे. १९५० नंतर अमेरिकेच्या सरकारी खाण-संशोधकांनी ते तप्त द्रावणाने धुऊन काढण्याची रीत बसवली, आणि १९७३ मध्ये साउथ डकोटातील होमस्टेक खाणीत मोठ्या प्रमाणावर हे काम सुरू झाले. पुढे जगभर ही रीत पसरली. त्यासाठी कोळसा आवडीने वापरतात तो करवंटीचा. कारण तो झिजत नाही, आणि झिजून गेलेल्या भुग्याबरोबर सोने जाते! तेथे कोळशाचा कण अन् कण मोजतात, धुतात, पुन्हा भाजतात, पुन्हा कामाला लावतात.

एकच करवंटी, एकच विद्या. धातू मोलाचा असला की तो कोठे गेला याचा हिशेब राहतो. धातू विषारी असला की 'काढून टाकला' एवढे शब्द पुरतात. अडचण कोळशात नव्हती असे मला वाटते ते यामुळे.

'काढून टाकणे' हा शब्दप्रयोगच मुळी धातूच्या बाबतीत खोटा आहे. प्रेत जळते, पाने कुजतात, जंतू मरतात. शिसे मरत नाही. कॅडमियम कुजत नाही. त्याचा फक्त मुक्काम बदलतो. जपानने हे मोठी किंमत देऊन शिकून घेतले. तोयामा प्रांतातील जिन्झू नदीच्या वरच्या अंगाला कामिओकाची खाण होती. तिच्यातले कॅडमियम नदीत आले, नदीतून पाटाच्या पाण्याने भातखाचरात आले, खाचरातून तांदळात आणि तांदळातून माणसांच्या हाडांत. हाडे ठिसूळ होऊन मोडत. रोगी, त्यांतही वयस्क बायका अधिक, वेदनेने जे ओरडत तेच रोगाचे नाव पडले: 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. सरकारने कारण मान्य केले ते १९६८ साली. मिनामाताच्या उपसागरात पारा गेला. तेथला रोग १९५६ मध्ये अधिकृतपणे उघडकीस आला. पुढे १९७७ ते १९९० या काळात त्या उपसागराच्या तळचा दूषित गाळ उपसून एका बाजूला बंदिस्त केला आणि वर भराव घातला. अठ्ठावन्न हेक्टर नवी जमीन झाली. पारा नाहीसा झाला नाही. त्याला एक पत्ता मिळाला, आणि त्या पत्त्यावर पहारा बसला. धातूच्या बाबतीत माणसाला यापेक्षा अधिक काही साधत नाही.

मग धातू पिऊन बसलेल्या कोळशाचे काय करावे? त्याला आम्लाने धुता येते. आकड्यांवरचा धातू थोड्याशा आम्लात उतरतो आणि कोळसा पुन्हा काही फेऱ्या काम देतो. त्या आम्लात चुना घालून धातू साक्याच्या रूपाने खाली बसवावा, आणि तो साका घातक कचऱ्यासाठी बांधलेल्या बंद खड्ड्यात, नोंद करून, ठेवावा. भारत सरकारच्या २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांतील यादीत वापरलेल्या कोळशाचे नाव आहे. म्हणजे शास्त्राला वाट ठाऊक आहे, कायद्यालाही ठाऊक आहे. खर्चाचा आकडा मांडताना मात्र बहुधा कोयी फुकट धरतात, भट्टीचे सरपण धरतात, आम्लाची किंमत धरतात, आणि या शेवटल्या मुक्कामाचा खर्च धरावयाचा राहून जातो. 'स्वस्त' या विशेषणाचा बराचसा भाग त्या राहून जाण्यात आहे.

आमच्या कोकणात ही भीती केवळ कागदावरची नाही. मे महिन्यात आंब्याच्या रसाचे कारखाने सुरू झाले की त्यांच्या मागच्या अंगणात बाठ्यांचे ढीग लागतात, माश्या घोंघावतात. या बाठ्यांतून गावाच्या पाण्याचे रक्षण होईल ही कल्पना कोणालाही आवडेल, मलाही आवडते. पण आमच्या परसाची एक जुनी रीतही मला ठाऊक आहे. चुलीतली राख आम्ही माडाच्या आळ्यात टाकतो. उद्या गावात असा कोळसा आला, त्याचे दिवस भरले, आणि 'फळाचाच तर आहे, सेंद्रियच तर आहे' म्हणून कोणी तो जाळून राख आळ्यात किंवा भाताच्या तरव्यात टाकली, तर पाण्यातून मोठ्या कष्टाने गोळा केलेले कॅडमियम आम्ही आपल्या हाताने जिन्झूच्या वाटेला लावू. जाळल्याने शिसे राखेत राहील; पारा असला तर तो धुरातून शेजाऱ्याच्या छपरावर जाईल. विखुरलेले विष एकत्र करणे हे पुण्याचे काम खरे, परंतु एकत्र केलेले विष विखुरलेल्यापेक्षा अधिक भयंकर असते, हे विसरून चालणार नाही.

कोळशावर माझा राग नाही, हे वाचकांनी ओळखले असेलच. लोविट्झच्या औषधशाळेपासून आमच्या सोनाराच्या शेगडीपर्यंत त्याने माणसाची इमानाने चाकरी केली आहे. करवंटीने तर सैनिकाचा श्वास राखला आणि खाणवाल्याचे सोने राखले. ती शिसेही राखील. तिच्याकडून एवढीच अपेक्षा करता येते, की तिने धरावे आणि सांगितले तोवर सोडू नये. पुढचा भाग तिचा नव्हे. तो वही ठेवणाराचा आहे: कोळसा किती दिला, कोणत्या तारखेला भरला, कोठे धुतला, धुवण कोठे गेले, साका कोणत्या खड्ड्यात निजला आणि त्या खड्ड्याची किल्ली कोणापाशी आहे. या वहीला संशोधकाची बुद्धी लागत नाही. मॅट्रिक झालेला कोणीही कारकून ती ठेवू शकेल. परंतु ती ठेवली पाहिजे, आणि गावातल्या पोराने मागितली तर ती त्याला दाखवली पाहिजे.

म्हणून यापुढे कोणी फळांच्या सालींच्या कोळशाने शेकडा अठ्ठ्याण्णव धातू निघाल्याचे सांगितले, तर त्याचे मनापासून अभिनंदन करावे; आणि निरोप घेण्यापूर्वी, सुश्रुताच्या निवळीपासून आजपर्यंत नितळ पाणी पाहून आपण जो विचारावयाचा विसरत आलो, तो साधा प्रश्न त्याला विचारावा: अठ्ठ्याण्णव आता आहेत कोठे?